विसावा नसलेले यंत्र : उष्णता पंपाच्या देखभालीचा इतिहास

यंत्रविद्येच्या इतिहासात मानाचे पान संशोधकाला मिळते, त्याच्या शेजारचे पान कारखानदाराला मिळते; यंत्र चालू ठेवणाऱ्याला बहुधा पानच मिळत नाही. वाफेच्या एंजिनाच्या इतिहासात वॉटचे नाव शाळकरी मुलासही ठाऊक असते, परंतु बॉयलरच्या नळ्यांतील थर खरवडणाऱ्या कामगाराच्या हातावर त्या एंजिनाचे आयुष्य किती अवलंबून होते, याची नोंद ग्रंथांतून क्वचितच आढळते. एकाच यंत्राने हिवाळ्यात घर ऊबदार ठेवावे आणि उन्हाळ्यात तेच घर गार करावे, ही कल्पना ज्या यंत्राने प्रत्यक्षात आणली, त्या उष्णता पंपाच्या बाबतीत मात्र ही उपेक्षा परवडणारी नाही. त्याच्या शंभरांहून अधिक वर्षांच्या इतिहासात यशापयशाचा निकाल कल्पनेच्या नवेपणावर लागलेला नसून नित्याच्या देखभालीवर लागलेला आहे, असे दिसून येते.

याचे कारण यंत्राच्या स्वभावातच आहे. घर तापविणारी भट्टी उन्हाळ्यात थंड पडलेली असते. तिची राख काढणे, धुराडे साफ करणे, जाळी बदलणे ही कामे त्या काळात निवांतपणे उरकता येतात. शीतयंत्राला हिवाळ्यात विश्रांती मिळते. दोन्ही कामे एकाच यंत्राकडे सोपविली की हा विसावा नाहीसा होतो. एक ऋतू संपतो तोच दुसरा सुरू होतो आणि काल ज्या नळीतून उष्ण वायू वाहत होता तिच्यातूनच आज थंड वायू वाहू लागतो. सुटी नसलेल्या नोकराची प्रकृती कशी सांभाळावी, असाच हा प्रश्न होय.

कल्पनेचा उगम १८५२ पर्यंत मागे जातो. स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी त्यापूर्वी दोन-तीन वर्षे उष्ण कटिबंधातील घरांची हवा गार करण्याची एक योजना मांडली होती. हवा दाबावी, दाबल्यामुळे आलेली उष्णता पाण्यात सोडून द्यावी आणि मग ती हवा प्रसरण पावू द्यावी, म्हणजे ती गार होईल, असे तिचे स्वरूप होते. ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ च्या अखेरीस ग्लासगोच्या तत्त्वज्ञान मंडळापुढे वाचलेल्या निबंधात हाच विचार उलटसुलट दोन्ही बाजूंनी मांडला. जे यंत्र घर गार करू शकते तेच उलट चालविल्यास घर तापवू शकते. आणि कोळसा थेट जाळून जेवढी उष्णता मिळेल त्याहून अधिक उष्णता, तोच कोळसा यंत्र चालविण्यासाठी वापरल्यास, बाहेरच्या थंड हवेतून उचलून आणता येते, असे त्यांनी गणिताने दाखविले. हे त्या काळच्या श्रोत्यांस जादूसारखे वाटले असल्यास नवल नाही. उष्णता निर्माण करावयाची नसून ती खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर चढवावयाची आहे, विहिरीचे पाणी रहाटाने वर काढावे तशी, हे एकदा ध्यानात आले की त्यातील गूढ उरत नाही.

रहाटाचा दृष्टांत आणखी एका कारणाने उपयोगी आहे. विहीर जितकी खोल, तितके श्रम अधिक. नदीच्या पाण्यातून ५ अंश सेल्सिअसला उष्णता घेऊन ती ४५ अंशांवर चढवावयाची असेल, तर निर्दोष यंत्रात एका माप श्रमाला सुमारे आठ मापे उष्णता मिळू शकते. प्रत्यक्षात घर्षणादी कारणांमुळे हा आकडा तीन-चारापर्यंत उतरतो. तथापि प्रमाण तेच राहते. आता बाष्पकाच्या नळ्यांवर चिखलाचा पातळ लेप बसला आणि संघनकाच्या नळ्यांत क्षारांचा थर चढला, असे समजा. उष्णतेला हे थर ओलांडून जावे लागत असल्यामुळे यंत्राला एका बाजूस पाच अंश अधिक थंड आणि दुसऱ्या बाजूस पाच अंश अधिक उष्ण व्हावे लागते. चाळीस अंशांची चढण पन्नास अंशांची होते आणि आठ मापांची साडेसहा मापे होतात. घरातील माणसाला ऊब पूर्वीइतकीच मिळते, यंत्रही पूर्वीसारखेच आवाज करीत असते. फक्त विजेचे बिल सुमारे एकचतुर्थांशाने वाढते. भट्टी बिघडली की धूर होतो. हे यंत्र मात्र बिघडले तरी पुष्कळ काळ काम करीतच राहते, आणि त्यामुळे त्याचा आजार मालकाच्या लक्षात येत नाही.

थरांची ही कटकट अगदी पहिल्याच प्रयोगापासून या यंत्राच्या मागे लागली. ऑस्ट्रियातील एबेनझे येथील मिठागरांत पेटर फॉन रिटिंगर या खाणशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात खारे पाणी आटविण्यासाठी एक यंत्र उभारले. आटणाऱ्या पाण्यातून निघणारी वाफ दाबून अधिक उष्ण करावयाची आणि तीच पुन्हा त्या पाण्याला तापविण्यासाठी वापरावयाची, अशी ही योजना. तत्त्वतः ती अचूक होती, आणि उष्णता पंपाचा पहिला प्रत्यक्ष अवतार म्हणून इतिहासकार तिचा निर्देश करतात. परंतु खारे पाणी आटले की मीठ भांड्याच्या भिंतीवर बसते, आणि जी भिंत उष्णता पलीकडे नेण्यासाठी असते तीच मिठाच्या कवचाने झाकली जाते. या कवचाशी एबेनझेच्या यंत्राची गाठ पडली, आणि दीर्घकाळ अखंड चालण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. वीस वर्षांनंतर, १८७० च्या दशकात, स्वित्झर्लंडमधील बे येथील मिठागरांत प्राध्यापक पिकार आणि जिनिव्हाचे अभियंते वेबेल यांनी तेच तत्त्व वापरून चालू राहणारे यंत्र उभे केले.

यानंतर शीतनविद्या झपाट्याने वाढली. बर्फाचे कारखाने, मांसाची गोदामे, मद्याच्या भट्ट्या यांतून शीतयंत्रे सर्रास दिसू लागली. तापविण्यासाठी मात्र कोळसा इतका स्वस्त होता की थॉमसन यांच्या निबंधाची आठवण कोणास व्हावी असा प्रसंगच आला नाही. १९३० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील एका वीज कंपनीच्या कार्यालयात शीतनसंच हिवाळ्यात उलट चालवून इमारत तापविण्यात आली. परंतु खरी कसोटी ज्या देशात स्वतःचा कोळसा फारसा नाही, अशा स्वित्झर्लंडमध्ये लागली.

झुरिक नगरीचे राटहाउस, म्हणजे सभागृह, १६९४ ते १६९८ या काळात लिम्माट नदीच्या पात्रातच बांधलेले आहे. या इमारतीत १९३७-३८ साली एशर व्हिस या कंपनीने उष्णता पंप बसविला. पायाशी वाहणाऱ्या नदीतून उष्णता घ्यावयाची आणि सुमारे ६० अंश उष्णतेचे पाणी इमारतीत फिरवावयाचे. उन्हाळ्यात हीच व्यवस्था सभागृह गार करण्यासाठी वापरावयाची, अशी तिची रचना होती. संपीडक चक्रगतीचा होता आणि प्रशीतक म्हणून फ्रिऑन-१२ वापरले होते. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कोळसा दुर्मीळ झाला तेव्हा याच नगरीत पोहण्याच्या तलावासाठी आणि सरकारी कचेऱ्यांसाठी आणखी मोठे पंप बसविण्यात आले. युरोप अंधारात आणि थंडीत असताना धबधब्यांच्या विजेवर आणि नदीच्या थंडगार पाण्यावर एक नगरी आपल्या इमारती तापवीत होती, ही गोष्ट त्या काळच्या अभियंत्यांच्या मनावर खोल ठसली.

राटहाउसमधील मूळ यंत्र २००१ साली बदलण्यात आले. म्हणजे ते साठ वर्षांहून अधिक काळ कामात राहिले. आज घरांत बसविल्या जाणाऱ्या संचाचे आयुष्य पंधरा वर्षांच्या आसपास धरतात, हे लक्षात घेता हा फरक विचार करावयास लावणारा आहे. धातू जाड होता, वेग कमी होता, हे खरे. परंतु त्या पिढीच्या यंत्रांभोवतीची व्यवस्थाही वेगळी होती. मोठे यंत्र तळघरातील स्वतंत्र खोलीत असे आणि त्याला नेमलेला यंत्रचालक असे. दाबाचे आणि तापमानाचे आकडे वहीत लिहिणे, तेलाची पातळी पाहणे, नदीच्या पाण्यातून आलेला पालापाचोळा जाळीवरून काढणे, वर्षातून ठराविक वेळी झाकणे उघडून नळ्यांतून ब्रश फिरविणे, हा त्याचा दिनक्रम आणि वर्षक्रम. वहीतील कालचा आकडा आणि आजचा आकडा यांत फरक दिसला की त्याचे कारण शोधावयाचे. यंत्राचा आजार मालकाला कळत नाही असे वर म्हटले आहे. तो या वहीला कळत असे.

इंग्लंडातील पहिला मोठा प्रयत्न याहून पुष्कळ ओबडधोबड, आणि म्हणूनच कदाचित अधिक बोधप्रद आहे. नॉर्विच नगराचे विद्युत अभियंता जॉन समनर यांनी १९४५ साली आपल्या खात्याच्या इमारतीसाठी वेन्सम नदीच्या पाण्यावर चालणारा पंप उभारला. युद्धकाळात नवे सामान मिळणे अशक्य होते. तेव्हा जुना संपीडक आणि हाताशी असतील ते भाग जुळवून त्यांनी यंत्र तयार केले, आणि प्रशीतक म्हणून सल्फर डायॉक्साइड वापरले. या यंत्राने खर्च केलेल्या विजेच्या तिपटीहून अधिक उष्णता दिली.

सल्फर डायॉक्साइडचा उल्लेख येथे सहज म्हणून केलेला नाही. जुन्या प्रशीतकांचे देखभालीच्या दृष्टीने एक वैशिष्ट्य होते : ती आपली गळती लपवीत नसत. अमोनिया असो वा सल्फर डायॉक्साइड, सांध्यातून थोडीशी गळती झाली तरी खोलीत उभे राहणे कठीण होई. गळतीचे नेमके ठिकाण शोधण्याची रीतही मोठी चतुर होती. अमोनियाच्या यंत्राजवळ गंधकाची पेटती कांडी नेत आणि सल्फर डायॉक्साइडच्या यंत्राजवळ अमोनियात भिजविलेला बोळा नेत. जेथे गळती असेल तेथे पांढरा धूर उठे. पाणी हा सल्फर डायॉक्साइडचा शत्रू. यंत्रात थोडाही ओलावा शिरला की आम्ल तयार होऊन ते धातूला आतून खाऊ लागे. त्यामुळे यंत्र उघडण्यापूर्वी आणि मिटण्यापूर्वी ते कोरडे ठेवणे हा यंत्रचालकाचा जणू सोवळ्याचा नियमच होता.

टॉमस मिजली आणि त्यांचे सहकारी यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या फ्रिऑनने हे सोवळे सैल केले. नवा वायू जळत नव्हता, विषारी नव्हता, त्याला फारसा वासही नव्हता. १९३० साली मिजली यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत तो छातीत भरून घेऊन मेणबत्तीवर फुंकला आणि ज्योत विझवून दाखविली. आता गळती शोधावयाची तर साबणाचा फेस लावावा लागे, किंवा तांब्याच्या पत्रीवर जळणारा एक खास दिवा फिरवावा लागे. वायू असेल तेथे त्याची ज्योत हिरवी होई. नाकाने कळणारा दोष आता उपकरणाने शोधावा लागू लागला. जो दोष शोधण्यासाठी मुद्दाम जावे लागते तो पुष्कळदा शोधलाच जात नाही, याचा प्रत्यय पुढे साऱ्या जगाला आला.

युद्धोत्तर काळात दोन प्रसिद्ध इमारतींनी या यंत्राला लोकांपुढे आणले. लंडनमध्ये थेम्सच्या काठी १९५१ साली उघडलेल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी नदीच्या पाण्यावर चालणारा पंप बसविण्यात आला. त्याची यंत्रे चालविण्यासाठी विमानांतील रोल्स-रॉइस मर्लिन एंजिने शहरी गॅसवर चालतील अशी बदलून घेतली होती. युद्धातील एंजिनाने संगीतगृह तापवावे ही कल्पना त्या वर्षीच्या उत्सवी वातावरणाला शोभेशीच होती. परंतु संच गरजेपेक्षा फार मोठा ठरला आणि काही वर्षांतच काढून टाकण्यात आला. अमेरिकेत ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथील इक्विटेबल बिल्डिंग या इमारतीचे भाग्य वेगळे होते. पिएत्रो बेलुस्की यांनी आराखडा केलेली ही काच आणि अॅल्युमिनियमची इमारत १९४८ साली पूर्ण झाली. अभियंता डोनल्ड क्रोकर यांच्या योजनेनुसार ती खोल विहिरींच्या पाण्यावर चालणाऱ्या उष्णता पंपाने तापविली आणि गार केली जाई. १९८० साली अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. अशा मोठ्या इमारतींत बहुधा प्रशीतकाचा मार्ग न बदलता पाण्याचा मार्ग बदलीत. ऋतू पालटला की चालक काही झडपा बंद करी आणि काही उघडी. संपीडकाला ऋतुबदलाचा फारसा धक्का बसत नसे.

खरा अपघात घडला तो या यंत्राने तळघर सोडून सामान्य माणसाच्या अंगणात प्रवेश केला तेव्हा. १९५२ च्या सुमारास अमेरिकेतील कारखान्यांनी घरगुती संच बाजारात आणले. नदी नको, विहीर नको; बाहेरच्या हवेतून उष्णता घ्यावयाची आणि आतील हवेत सोडावयाची. चारमुखी झडपेचा खटका फिरला की प्रशीतकाची दिशा उलटे. काल जो बाष्पक होता तो आज संघनक होई. यंत्रचालक गेला, वही गेली, संपीडक आणि त्याची मोटर एका पोलादी घुमटात कायमची बंद झाली. विक्रेता सांगत असे की भिंतीवरील खटका फिरविण्यापलीकडे घरमालकाला काही करावयाचे नाही. वस्तुतः करावयाचे पुष्कळ होते. करणारा तेवढा उरला नव्हता.

काही वर्षांतच तक्रारींचा पाऊस पडू लागला. संपीडक जळत, झडपा मध्येच अडकून बसत, बाहेरच्या वेटोळ्यावर बर्फाचे कवच चढे आणि वितळत नसे. कारणे आज स्पष्टपणे सांगता येतात. पुष्कळ संचांतील संपीडक मुळात केवळ थंडाव्यासाठी बनविलेले होते. उन्हाळ्यात त्यांना जे दाब सोसावे लागत त्याहून कितीतरी अधिक ताण कडाक्याच्या थंडीत पडे. बाहेरचा दाब घटलेला आणि आतला चढलेला, त्यामुळे संपीडकातून निघणारा वायू अतिशय तप्त होई आणि वंगण करपे. यंत्र बंद असताना प्रशीतक थंड संपीडकात येऊन तेलात विरघळे. यंत्र सुरू होताच तेल फेसाळून निघून जाई आणि धारवे कोरडे पडत. वेटोळ्यावरील बर्फ वितळविण्यासाठी यंत्र मिनिटभर उलटे फिरे, तेव्हा न उकळलेला द्रव थेट संपीडकात घुसे. दट्ट्याला वायू दाबता येतो, द्रव दाबता येत नाही; तेथे झडपा फुटत. शिवाय कामाचे तास. केवळ थंडाव्याचा संच उन्हाळ्यापुरता चाले; हा संच वर्षभर चाले आणि दुप्पट-तिप्पट झिजे.

कारखान्यांचे हे दोष दुरुस्तीच्या दोषांनी वाढविले. संच बसविणारे बहुतेक कारागीर भट्ट्यांच्या धंद्यातून आलेले होते किंवा खिडकीतील वातानुकूलक विकणारे होते. पहिल्याला प्रशीतक ठाऊक नव्हते, दुसऱ्याला हिवाळा ठाऊक नव्हता. जळालेला संपीडक काढून नवा बसविताना नळ्यांत राहिलेले आम्ल धुऊन काढले नाही, तर नवाही वर्षभरात जळे, आणि दोष यंत्राच्या माथी जाई. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या निवासी वसाहतींत असे नवे संच बसविण्यास मनाई केली. ती पुढे सुमारे दशकभर टिकली. थॉमसन यांच्या गणितात कोणतीही चूक निघाली नव्हती. तरीही ही कल्पना एका पिढीपुरती जवळजवळ मृत झाली, ती केवळ निगेअभावी.

या अपयशातून जे ज्ञान जमा झाले त्यालाच आज नियमित देखभाल म्हणतात. वायुगाळणीचेच उदाहरण घ्यावे. ती धुळीने तुंबली की उन्हाळ्यात आतील वेटोळ्यावर पुरेशी हवा जात नाही, वेटोळे गोठते आणि घर गार होण्याऐवजी यंत्रच बर्फाने लपेटले जाते. तीच तुंबलेली गाळणी हिवाळ्यात नेमका उलटा विकार निर्माण करते : आतील वेटोळ्याची उष्णता हवेत जाऊ शकत नाही, दाब आणि तापमान चढतात आणि संपीडक होरपळतो. एकच मळ, पण ऋतूनुसार दोन विरुद्ध रोग. केवळ थंडाव्याच्या यंत्रावर शिकलेल्या कारागिराला यातील पहिलाच रोग ओळखू येई. निचऱ्याच्या तबकाची गोष्टही अशीच आहे. उन्हाळ्यात आतील वेटोळ्यावरील दव त्यात पडत राहते. हिवाळ्यात ते कोरडे असते आणि त्यात धूळ साचून घट्ट बसते. पुढच्या उन्हाळ्यात पहिले पाणी आले की नळी तुंबून ते भिंतीवर उतरते. म्हणून या यंत्राची तपासणी वर्षातून एकदा करून भागत नाही. थंडी सुरू होण्यापूर्वी एकदा आणि उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा, अशी ती दोनदा करावी लागते, आणि प्रत्येक वेळी ज्या ऋतूचे काम पुढे येणार आहे त्या दिशेने यंत्र चालवून, चारमुखी झडप खरोखर फिरते की नाही, बर्फ वितळविणारे नियंत्रण जागे होते की नाही, हे पाहावे लागते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर उष्णता पंपाकडे लोक पुन्हा वळले, तेव्हा संपीडकाच्या पोटाशी लहान तापक, द्रव अडविणारे भांडे आणि ओलावा शोषणारी गाळणी ही त्या अनुभवाची फळे यंत्रात आलेली होती.

देखभालीतील उपेक्षेचे याहून भीषण रूप १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियात दिसले. तेथील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर अज्ञात ज्वराने २२१ जण आजारी पडले आणि ३४ दगावले. १९७७ च्या जानेवारीत मॅकडेड आणि शेपर्ड यांनी कारणीभूत जंतू शोधून काढला, आणि संशय हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेतील शीतनमनोऱ्याच्या पाण्यावर गेला. घरगुती संचात असा मनोरा नसतो, त्यामुळे ही घटना प्रस्तुत विषयाच्या कडेची आहे. परंतु साचलेले कोमट पाणी वेळोवेळी काढून मनोरा धुणे, हे तोवर केवळ यंत्राच्या हिताचे मानले जाणारे काम यानंतर आरोग्यखात्याच्या कक्षेत आले.

मात्र सर्वांत मोठा हिशेब चुकता करावा लागला तो बिनवासाच्या वायूचा. फ्रिऑन निरुपद्रवी आणि स्वस्त असल्यामुळे दुरुस्तीच्या वेळी तो जपून ठेवण्याची कोणालाच गरज वाटत नसे. नळी सैल करावी, होता तो वायू हवेत सोडून द्यावा, काम झाले की नवा भरावा, अशी सर्व देशांतील कारागिरांची रीत होती. किंबहुना तीच योग्य रीत म्हणून शिकविली जाई. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी हा वायू वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन ओझोनचा नाश करतो असे दाखविले, आणि १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ऱ्हासाचे फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रिऑल येथे करार झाला. या कराराची चर्चा करताना कारखान्यांतील उत्पादनबंदीचाच उल्लेख होतो. तथापि देखभालीच्या इतिहासात त्याचे महत्त्व निराळे आहे. अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून दुरुस्तीच्या वेळी प्रशीतक हवेत सोडणे हा गुन्हा ठरला आणि १९९४ च्या नोव्हेंबरपासून परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज कारागिराला यंत्र उघडण्याची बंदी झाली. यंत्राच्या मालकाकडे किंवा निर्मात्याकडे न पाहता त्याच्या मिस्त्रीच्या हाताकडे कायद्याने इतक्या बारकाईने पाहिल्याची उदाहरणे थोडी आहेत.

भारत या करारात १९९२ साली सामील झाला. २००० साली ओझोनविघातक द्रव्यांच्या नियमनाचे नियम झाले, आणि क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूंचा वापर बंद करण्याच्या राष्ट्रीय योजनेत हजारो कारागिरांना वायू पुन्हा गोळा करण्याचे शिक्षण देण्यात आले. तरीही मुंबई-पुण्याकडे अजून एक शब्दप्रयोग रूढ आहे : ‘गॅस संपला.’ उन्हाळा लागला की मिस्त्रीला बोलावावे, त्याने गॅस भरावा आणि पैसे घेऊन जावे, हा जणू वार्षिक कुळाचारच झालेला आहे. वस्तुतः बंद नळ्यांत फिरणारे प्रशीतक इंधनासारखे खर्च होत नाही. ते कमी झाले असेल तर कोठेतरी छिद्र आहे, आणि छिद्र न बुजविता वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. याला देखभाल म्हणणे हा भाषेचा अपराध आहे. कोकण किनाऱ्यावर छिद्रे लवकर पडतात, हे मात्र खरे. तांब्याच्या नळीवर अॅल्युमिनियमची पाती आणि त्यांवर खारा वारा, असा संयोग झाला की दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते आणि पाती पिठासारखी झडू लागतात. समुद्राजवळील बाहेरचा संच गोड्या पाण्याने वरचेवर धुतला तर त्याचे आयुष्य वाढते. परंतु गच्चीवर चढून तेवढे करणारा घरमालक विरळा.

२०१६ च्या किगाली येथील दुरुस्तीनंतर फ्रिऑनच्या जागी आलेले वायूही हवामान तापवितात म्हणून क्रमाने कमी करण्याचे ठरले, आणि २०२१ मध्ये भारताने तिला मान्यता दिली. पर्यायांच्या शोधात यंत्रविद्या पुन्हा जुन्या, साध्या वायूंकडे वळली आहे. प्रोपेनवर चालणारे घरगुती वातानुकूलक भारतात २०१२ पासून विकले जात आहेत, आणि युरोपात प्रोपेनचे उष्णता पंप वाढत आहेत. हा वायू ओझोनला अपाय करीत नाही व हवामानही फारसे तापवीत नाही, पण तो पेट घेतो. त्यामुळे एका संचात किती वायू भरावा यावर खोलीच्या आकारानुसार मर्यादा घातलेली आहे, आणि कारागिराला नळी उघडण्यापूर्वी खिडक्या उघडाव्या लागतात, ठिणगी पडेल असे प्रत्येक उपकरण दूर ठेवावे लागते. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो. प्रशीतक म्हणून वापरावयाचा प्रोपेन अतिशुद्ध लागत असल्याने त्यात असा दुर्गंध मिसळीत नाहीत. त्याची गळती नॉर्विचच्या यंत्रचालकासारखी नाकाने ओळखता येत नाही, ती उपकरण हातात घेऊन प्रत्येक सांध्यापाशी जाऊनच शोधावी लागते.